पायाखालचे कागद

मुलाच्या नोकरीमुळे म्युनिकला जाण्याचा योग आला. राजवाडे, चर्च, बाजार पाहून झाले, तेव्हा सुनेने विद्यापीठाकडे नेलं. आमची सून धारवाडची. मुख्य दारासमोर ती थबकली आणि म्हणाली, "अत्ती, इल्लि नोड्री."

दगडी फरसबंदीवर पत्रकं विखुरली होती. काही तिरकी, काही एकमेकांवर, मधूनच एखादा फोटो. वाऱ्याने उडून आल्यासारखी, पण फरशीतच पक्की बसवलेली. रॉबर्ट श्मिट-माट यांनी १९८८ साली घडवलेलं हे 'व्हाइट रोझ' गटाचं स्मारक. ना चौथरा, ना कठडा, ना हार घालायला गळा.

कागदाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, हे मराठी काय नि कन्नड काय, दोन्ही घरांत सारखंच. माझी पावलं आपसूक आखडली. कडेकडेने चालत मी एकेक चेहरा पाहू लागले.

१८ फेब्रुवारी १९४३ रोजी हान्स शोल आणि त्याची धाकटी बहीण सोफी यांनी याच इमारतीत हिटलरविरोधी पत्रकं वाटली. उरलेला गठ्ठा सोफीने वरच्या मजल्यावरून खालच्या चौकात ढकलला. तिथल्या शिपायाने दोघांना पकडून दिलं. हान्सच्या खिशात मित्राच्या हातचा एक मसुदा होता. तो फाडून टाकायचा त्याने प्रयत्न केला, पण तेवढ्या तुकड्यांवरून ख्रिस्तोफ प्रोब्स्ट सापडला. तीन लेकरांचा बाप, धाकटं जेमतेम महिन्याचं. चारच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, सकाळी खटला आणि संध्याकाळी तिघांचा शिरच्छेद. सोफी एकवीस वर्षांची होती. पुढे त्याच वर्षी श्मोरेल, प्राध्यापक हूबर आणि ग्राफ हेही गेले.

मला जास्त लागलं ते वेगळंच. त्याच दिवसांत विद्यापीठात सभा भरली आणि शेकडो विद्यार्थ्यांनी त्या शिपायाचं पाय आपटून स्वागत केलं. शिकलेली, चांगल्या घरची मुलं ती! आता त्याच दारात, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायाखाली ही पत्रकं आहेत. विद्यार्थी घाईघाईने त्यांवरून वर्गात जातात, कुणी सायकल नेतो. पहिल्यांदा मला ते खटकलं. पण उंच पुतळ्याकडे मान वर करून बघावं लागतं, आणि आपण वर्षातून दोनदाच बघतो, जयंतीला नि पुण्यतिथीला. इथे पाऊल कुठे टाकायचं हे रोज ठरवावं लागतं. मला हे स्मारक पुतळ्यापेक्षा खरं वाटलं.

त्यांचं सहावं पत्रक चोरून ब्रिटनला पोहोचलं. १९४३च्या उन्हाळ्यात विमानांनी त्याच्या प्रती जर्मनीवर टाकल्या. तेव्हा हान्स आणि सोफीचे वडील तुरुंगात होते.