भरतीचे दार

उंच पातळीवरील कालव्यात बोट चढविण्याची युक्ती मोठी साधी आहे. दोन दरवाजांमधील हौदात बोट घ्यायची, मागचे दार लावायचे आणि वरचे पाणी आत सोडायचे; पाण्याबरोबर बोटही वर येते. १९१४ मध्ये खुला झालेला पनामा कालवा जहाजांना अशाच हौदांतून समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंच नेतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या मुंबईच्या अलेक्झांड्रा गोदीलाही, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीला, असे दरवाजे आहेत. बाहेर ओहोटी लागली तरी आत जहाजे तरंगत राहतात.

आपल्या खेडला असे दार कोणी बांधले नाही. येथे ते काम भरती करते. जगबुडी वाशिष्ठीला मिळते, वाशिष्ठी दाभोळजवळ समुद्राला. आणि समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा याच वाटेने उलटे वर चढते. गाडीरस्ते नव्हते तेव्हा पेठेतील माल या पाण्यावरूनच येई. ती वाट एकदा पाहावी म्हणून गेल्या माघात आम्ही चार मित्र दाभोळहून होडीने निघालो.

शुद्ध तृतीया होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. तीनची पाऊणपट सव्वादोन. अष्टमी-चतुर्दशी आपण उपवासासाठी लक्षात ठेवतो, तांडेल पाण्यासाठी. अष्टमीला भांगाची भरती, पाणी बेताचेच. व्याजाची कोष्टके करण्यात माझी चाकरी गेली, पण इतके सुटसुटीत कोष्टक तेथे कधी हाती लागले नाही.

अकराला होडी सुटली. “शेठ, जेवण होडीतच करा, पाणी कोणासाठी थांबत नाही,” तांडेलाने बजावले. डबे उघडले, थेपले फिरले. आमचा कापडवाला मित्र मात्र गप्पच होता. २०२१ च्या पुरात त्याचे दुकान बुडाले, तेव्हापासून तो नदीकाठी फिरकलाच नव्हता. मुलगा आता दुकान उंचावर हलवू म्हणतो. याचा जीव पेठेत अडकलेला. जगबुडीत वळल्यावर मगर दिसली तेव्हाही त्याने मान वळवली नाही.

साडेतीनच्या सुमारास, खेडच्या अलीकडेच, होडीचा तळ गाळाला घासला. तांडेलाने इंजिन बंद केले. तेव्हा मित्राने एकच प्रश्न विचारला, “पुराच्या दिवशी भरती होती का हो?”

तांडेल म्हणाला, “उधाणच होतं. डोंगराचं पाणी खाली येतं नि भरती त्याला बाहेर सोडत नाही. जाईल कुठं?”

होडीला वर घेणारे दार पुराला मात्र बंद होते! मी हिशेब केला. २२ जुलै, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, सकाळी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा.

ओहोटी लागण्यापूर्वी परतणे भाग होते. वाटेत मित्राने माझ्याकडून पेन मागून घेतले आणि खिशातल्या पंचांगात आषाढ-श्रावणातील उधाणाच्या तिथींवर खुणा केल्या. मग मुलाला फोन लावला, “दुकानाचं नंतर बघू. आधी सुताराला बोलाव, माळा मोठा करून घ्यायचाय.”