सांदीपनींच्या गावची पाकविद्या

उज्जयिनीस गेलेला मनुष्य महाकालाच्या दर्शनावाचून परतत नाही. परंतु त्या शिखराकडे पाहताना आपल्या समाजाचा एक जुना धागा तेथे गुंतलेला आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. तेराव्या शतकात भंगलेले ते देवालय अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा उभे राहिले, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांच्या हातून. माझी धाकटी बहीण त्या नगरीत नांदते. शिंदेशाहीच्या काळात कोकणातून माळव्यात गेलेल्या एका घराण्यात तिला दिली आहे. त्यामुळे महाकालाचे दर्शन मला अधूनमधून घडत असते. गेल्या पौषात मात्र मी गेलो होतो तो दर्शनासाठी नव्हे, तर वकिली करण्यासाठी. अशील होती माझी भाची, आणि न्यायासनावर बसल्या होत्या तिच्या आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई. त्यांना मी काकू म्हणतो. वय ब्याऐंशी, आणि वाणी खणखणीत.

दाव्याचा विषय असा. मुलगी विज्ञानाची पदवीधर झाली होती, आणि अन्न व पोषणशास्त्र या विषयात एम.एस्‌सी. करण्यासाठी तिला मुंबईस जायचे होते. दोन वर्षांचा अभ्यास, अन्नाचे रसायन, शरीरातील जीवरसायन, सूक्ष्मजंतू, रुग्णांचा आहार आणि अखेरीस एक प्रबंध. रसायनशास्त्र घेतले असते तर घरात कोणी हरकत घेतली नसती. अन्नाचे नाव निघाले, तेथेच घोडे अडले. "चुलीपुढे बसायला पदवी कशाला?" हा काकूंचा एकच प्रश्न, आणि त्याचे उत्तर घरात कोणाजवळही नव्हते.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतः त्या मुलीला विचारला होता. ती सुटीत मडगावी आमच्याकडे आली असता तिने हा मनोदय मोठ्या आशेने मला सांगितला. मी हसलो. माझी आई, कैलासवासी झाली आहे, ती म्हणत असे, "रांदप हातांत आसता, पुस्तकांत न्हय." ते वाक्य मी भाचीच्या तोंडावर फेकले, आणि वर्तमानपत्र पुढे ओढले. ती काही बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ मला पुढे कळला, आणि तो कळण्यास एक प्रकरण कारण झाले.

एका गावच्या देवस्थानात उत्सवाची समाराधना झाली. पंगती उठल्या, आणि संध्याकाळपर्यंत पन्नासाहून अधिक माणसे ओकारी-जुलाबांनी आडवी झाली. एक सहा वर्षांचा मुलगा आठवडाभर इस्पितळात होता. चौकशी सुरू झाली, आणि विश्वस्तमंडळी माझ्याकडे आली. संशय खिरीवर होता. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ सालचा. त्याखालील २०११ च्या विनियमांत धार्मिक समारंभात अन्न वाटणाराही नोंदणीच्या कक्षेत येतो, ही गोष्ट त्या विश्वस्तांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. अधिकाऱ्याने अन्नाचा नमुना घेतला म्हणजे त्याचे चार भाग करावे लागतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, बाकीचे पुढे वाद निघाला तर तपासण्यासाठी राखले जातात. हे सारे मला पाठ होते. आणि नेमका येथेच आमचा बचाव होता. उरलेली खीर प्रसाद म्हणून भक्तिभावाने वाहत्या पाण्यात विसर्जित झाली होती. नमुना नव्हता, म्हणून पुरावा नव्हता.

उत्तराचा मसुदा मी रात्री लिहीत बसलो असता बहिणीचा दूरध्वनी आला. बोलता बोलता प्रकरणाची हकीकत निघाली, आणि तिकडून भाचीने विचारले, "मामा, खीर चुलीवरून किती वाजता उतरवली होती?"

मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी आचाऱ्यास विचारले, तेव्हा तो म्हणाला, पहाटे. पंगत बसली दुपारी दोन वाजता. मधला सारा वेळ ती पितळी हंड्यात, मांडवाच्या उन्हात झाकून होती. "पण वाढण्याआधी पुन्हा उकळी आणली होती," असे तो काकुळतीने सांगू लागला. भाचीने मला जे समजावले ते असे. शिजलेले अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेत राहिले म्हणजे जंतूंची वाढ झपाट्याने होते. पुन्हा उकळल्याने जंतू मरतील, परंतु काही जंतूंनी तोवर अन्नात सोडलेले विष उकळीनेही नाहीसे होत नाही. त्या दिवशी नेमके तसेच घडले, असे कोणी म्हणू शकत नाही. ते सांगू शकणारा नमुना वाहून गेला होता. मात्र आमच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते, एवढे निश्चित. आचारी तीस वर्षे देवाची सेवा करीत होता. त्याच्या हाताला चव होती, मनात भाव होता. ज्ञान तेवढे नव्हते, आणि ते त्याला देण्याची तसदी आम्ही कोणीही घेतली नव्हती.

प्रकरण पुराव्याअभावी मिटले. विश्वस्तांनी मला शाल-श्रीफळ दिले. शाल खांद्यावर घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरताना तो सहा वर्षांचा मुलगा बापाचे बोट धरून समोरून वर येत होता. आठवड्यानंतरही तो रोडका दिसत होता. मी जिंकलो होतो, आणि त्याच्याकडे पाहवत नव्हते. त्या रात्री मी भाचीस पत्र लिहिले. त्यात क्षमेचे शब्द थोडे होते. तिची बाजू मी चालवीन, एवढे वचन मात्र स्पष्ट होते.

तर असा मी उज्जयिनीस पोहोचलो. पहिल्या सायंकाळी काकूंना घेऊन सांदीपनींच्या आश्रमात गेलो. श्रीकृष्ण आणि बलराम येथे गुरुगृही राहिले, आणि चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकले, असे भागवत सांगते. काकूंना ती कथा माझ्यापेक्षा अधिक पाठ. मी हळूच विचारले, "काकू, त्या चौसष्टांत स्वयंपाक होता की नाही?" त्या थांबल्या. परंपरेने चालत आलेल्या कलांच्या यादीत नाना प्रकारच्या भाज्या, सार आणि भक्ष्ये सिद्ध करण्याची कला आहे, तसेच पेये करण्याची कलाही आहे. "म्हणजे प्रत्यक्ष भगवंताला जे गुरूकडे बसून शिकावे लागले, ते तुमच्या नातीने शिकले तर कमीपणा कसला?" काकू म्हणाल्या, "वकिलाशी बोलू नये, हेच खरे." परंतु त्या रागावल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एका बाईंची गोष्ट सांगितली. त्या बाई उज्जयिनीपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या इंदुरात १९११ साली जन्मल्या. माहेरच्या त्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून त्या १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत संशोधनास गेल्या, तेव्हा संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल मिळवलेला तो थोर पुरुष, परंतु मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष परीक्षाधीन म्हणून, अटी घालून, त्यांना घेण्यात आले. त्यांचे काम पाहून तेथे स्त्रियांसाठी दार उघडले. दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले, आणि पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली पीएच.डी. मिळवली. परत आल्यावर त्या काही काळ कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत होत्या. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या, आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेत शिकवू लागल्या. आपल्या कोकणातल्या माणसाला माहीत असलेली नीरा, तिच्यातील पोषक द्रव्यांचा अभ्यासही त्यांचाच.

कुन्नूरची ती प्रयोगशाळा कशी जन्मली, तेही ऐकण्यासारखे आहे. १९१८ साली मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टराने तेथे बेरीबेरी रोगाची चौकशी आरंभिली. त्याच कामातून वाढलेली संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली, आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. बेरीबेरी हा पांढराशुभ्र, सडलेला तांदूळ खाणाऱ्यांचा रोग. कोंड्याबरोबर थायमिन हे जीवनसत्त्व निघून जाते, आणि मज्जातंतू व हृदय दुबळे होते. आपल्याकडे गोव्यात उकड्या तांदळाची पेज पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भात सालीसकट उकडला म्हणजे ते जीवनसत्त्व आत दाण्यात मुरते, आणि सडल्यावरही पुष्कळसे टिकते. आपल्या आज्यांना थायमिन ठाऊक नव्हते, पण उकडा ठाऊक होता. मग आपणच शहरात आलो, पेजेची लाज वाटू लागली, आणि ताटातला भात शुभ्र झाला. कारण ठाऊक नसलेली चाल किती सहज सुटते, हे यावरून दिसते.

काकू लक्षपूर्वक ऐकत होत्या. त्यांच्या पुढ्यात मी मुंबईहून आणलेले कडवे वाल होते. आदल्या दिवशी भिजवून, फडक्यात बांधून त्यांनी मोड आणले होते, आणि आता त्या एकेक वाल सोलत होत्या. त्यांनी एकदम नातीकडे पाहिले. "इतकी शास्त्रे सांगता ना? मग सांग, वाल आपण मोड आणून, सोलून, चांगले शिजवूनच का खातो?"

मी मनातून घाबरलो. उलटतपासणी साक्षीदाराला ऐन वेळी कुठे नेईल, सांगता येत नाही. मुलगी मात्र आजीशेजारी बसली, आणि सोलता सोलता सांगू लागली. कच्च्या वालात एक द्रव्य असते. ते आपल्या पोटातील ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवते, म्हणून प्रथिने नीट पचत नाहीत. पाण्यात चांगले शिजल्यावर त्याचा जोर जातो. मामा सांगत होते त्या कमलाबाईंनीच एका सहकाऱ्यासह वालातून ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढले, आणि ते १९५५ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध पत्रात छापून आले. मोड आल्याने क जीवनसत्त्व तयार होते, आणि लोह शोषले जाण्यास आड येणारे एक आम्ल कमी होते. सालीत तुरट द्रव्ये असतात, ती सोलण्याने जातात.

"आणि भिजवायचे ते रात्रभरच का? दुपारी का नाही?" काकूंनी विचारले.

"ते मला ठाऊक नाही, आजी. तुमच्या पाण्याची, इथल्या थंडीची परीक्षा करून पाहावी लागेल. मला तेच शिकायचे आहे."

माझ्या वकिलीच्या जन्मात साक्षीदाराने दिलेले याहून चांगले उत्तर मी ऐकलेले नाही. आम्ही वकील 'ठाऊक नाही' या शब्दांना भितो, किंवा त्यांचा फायदा घेतो. त्या समाराधनेच्या प्रकरणात मी फायदाच घेतला होता. या मुलीला मात्र त्या दोन शब्दांपासून सुरुवात करावीशी वाटत होती.

मी कायद्याची शेवटची बाब पुढे मांडली. अन्न विश्लेषक होण्यासाठी २०११ च्या नियमांत ज्या पदव्युत्तर पदव्या मान्य आहेत, त्यांत रसायनशास्त्राच्या जोडीला अन्न व पोषण हा विषयही आहे. त्यापुढे परीक्षाही आहे. म्हणजे ज्याच्या अहवालावर न्यायालय विसंबते, त्या आसनावर ही मुलगी उद्या बसू शकते. याच नगरीत महाकालाच्या देवळाला २०१९ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडून सुरक्षित भोगस्थान म्हणून प्रमाणपत्र मिळाले, आणि ७ जानेवारी २०२४ रोजी देवळालगतच्या नीलकंठ वनात 'प्रसादम्' नावाची स्वच्छ खाद्यपदार्थांची गल्ली सुरू झाली. देवाच्या दारी ज्यांनी हे मनावर घेतले, त्यांची भक्ती उणी झाली, असे कोणी म्हणणार नाही. नैवेद्य दाखवताना आपण पाण्याचे मंडल करतो, सोवळे पाळतो. खीर उतरवल्याची वेळ लिहून ठेवणे, हेही मला आता त्याच सोवळ्याचा भाग वाटते.

दुर्गाबाई भागवतांनी पाककृतींवर 'खमंग' लिहिले, आणि कमलाबाईंनी 'आहार-गाथा'. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक चवीच्या वाटेने गेली, दुसरी कारणांच्या. हे मी सांगितले, तेव्हा बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "दादा, आईने हे ऐकायला हवे होते." आईच्या त्या वाक्याची मला आठवण झाली. रांदप हातांत असते, हे खरेच आहे. पुस्तकांत नसते, एवढा अर्धा भाग मात्र मी आता मागे घेतो.

काकूंनी निकाल काही सांगितला नाही. सोललेल्या वालांचे पातेले त्यांनी बहिणीच्या हाती दिले, पदराला हात पुसले, आणि नातीला विचारले, "किती वर्षांचे आहे म्हणतेस?"

"दोन, आजी."

काकूंनी बोटांवर काहीसे मोजल्यासारखे केले. "मग भिजवण्याचे ते आधी शिकून घे," त्या म्हणाल्या. "सुटीत येशील तेव्हा मला सांग. शेवटापर्यंत थांबू नकोस."

जुलैत मुलगी मुंबईस गेली. देवस्थानच्या विश्वस्तांना मी एक पत्र धाडले आहे, आणि पुढच्या उत्सवाआधी आचाऱ्यासाठी दोन दिवसांचा वर्ग घ्यावा, असे सुचविले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. मी पुन्हा लिहिणार आहे.