अडकलेली डिकी आणि थरथरता हात

वाचकहो, आपल्या घरात पंचाहत्तरी गाठलेली व्यक्ती असेल, तर अडकलेल्या वस्तू आपल्याला नव्या नसतील. पावसाळ्यात फुगलेला दरवाजा, गंजलेली कडी, घट्ट बसलेले बरणीचे झाकण. अशा वेळी घरातील धडधाकट माणूस ‘तुम्ही व्हा बाजूला’ असे म्हणतो आणि काम उरकतो. वस्तू उघडते, परंतु बाजूला झालेल्या माणसाच्या मनात काय चालते, हे पाहण्याइतकी सवड त्या घाईत कोणालाच नसते. मला ते पाहण्याची वेळ आली ती एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या डिकीमुळे.

माझे यजमान पिंपरीच्या एका कारखान्यात अभियंता होते. कोथरूडहून कंपनीच्या बसने जाण्यायेण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर त्यांनी एकच चैन केली. परदेशातून परतलेल्या एका स्नेह्याकडून दोन आसनांची जुनी, बुटकी स्पोर्ट्स कार घेतली. आपल्याकडे अशा गाड्या पूर्वीपासून विरळाच. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची फायबरच्या अंगाची दोन आसनी गाडी तयार होऊ लागली, तेव्हा तिचे केवढे अप्रूप वाटले होते! गाड्यांच्या गोष्टी काढायला आमच्या कोथरूडमध्ये निमित्तही लागत नाही. ज्या वेताळ टेकडीवर आम्ही फिरायला जात असू, तिच्यावरच १९६६ साली स्थापन झालेली वाहन संशोधनाची एआरएआय ही संस्था आहे आणि टेकडीलाही पुष्कळ जण तिच्याच नावाने ओळखतात.

‘डिकी’ हा आपला शब्दसुद्धा अशाच गाड्यांतून आला. शंभर वर्षांपूर्वीच्या दोन आसनी मोटारींच्या पाठीमागे, झाकण उघडले की वर येणारे एक जादा आसन असे. ते ‘डिकी सीट’. आसन गेले, सामान ठेवण्याची जागा उरली आणि नाव मात्र टिकले.

पाच वर्षांपूर्वी यजमानांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले. इंग्लंडमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला लाभले. हातांचा कंप सर्वांना दिसतो. परंतु स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींतील मंदपणा रुग्णाला अधिक जाचतो. सदऱ्याचे बटण लावणे, किल्ली भोकात घालणे ही बारीक कामे अवघड होतात. कोणी घाई केली किंवा टक लावून पाहिले, की कंप आणखी वाढतो. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. यजमानांच्या परवान्याची दोन वर्षे शिल्लक असतानाच, डॉक्टरांशी बोलून, त्यांनी गाडीची किल्ली माझ्या भाच्याच्या हाती दिली. त्या दिवशी ते फार बोलले नाहीत. गाडी पुसणे आणि तिच्या दुरुस्तीची वही लिहिणे तेवढे त्यांनी स्वतःकडे ठेवले. वहीतील अक्षर दिवसेंदिवस बारीक होत होते. तेही या विकाराचेच एक लक्षण आहे.

गेल्या पावसाळ्यात व्यायामोपचाराहून परतल्यावर पाहतो, तो डिकी उघडेना. आत त्यांचा घडीचा वॉकर आणि औषधांची पिशवी. वॉकर नाही म्हणून यजमानांना गाडीतून उतरवून लिफ्टपर्यंत आणण्यास दोन माणसे लागली. फोनवर मेकॅनिकने सांगितले, ‘टॉमी लावून उचकटतो, दहा मिनिटांचे काम.’ भाच्यालाही तेच सोपे वाटले. यजमान एवढेच म्हणाले, ‘उद्या अकरा वाजता पाहू. आज औषधांची दुकाने उघडी आहेत.’

अकराची वेळ त्यांनी विचारपूर्वक निवडली होती. कंपवाताच्या औषधाचा परिणाम दिवसभर सारखा राहत नाही. मात्रा घेतल्यानंतर काही काळ शरीर मोकळे असते, नंतर पुन्हा जखडते. कोणते काम केव्हा करावे, हे घड्याळापेक्षा गोळीवरून ठरवावे लागते. सांभाळ करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या रुग्णाचे हे वेळापत्रक ओळखून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये हात असलेली खुर्ची ठेवली. यजमान डिकीजवळ बसले आणि भाच्याला म्हणाले, ‘आतली तरफ ओढ. आवाज ऐकू दे.’ क्षीणसा ‘खट्’ झाला. झाकण हलले नाही. तेव्हा त्यांनी आम्हांला समजावले. आवाजच आला नसता, तर तरफेपासून कुलपापर्यंत जाणारी तार तुटलेली किंवा निसटलेली असती. आवाज येतो आहे, म्हणजे तार जिवंत आहे. जुनी होऊन सैल पडली असेल एवढेच. झाकणाची कडी ज्या खटक्यात अडकते, तो सुटू पाहतो आहे, पण त्याच्यावर ताण आहे. मग त्यांनी विचारले, ‘वॉकर कसा ठेवला आहे?’ तो आडवा होता आणि त्याची मूठ आतून झाकणाला टेकलेली असणार. मूठ झाकण वर ढकलते, कडी खटक्याला घट्ट धरते आणि सैल तारेची ओढ तेवढ्यासाठी अपुरी पडते. आपण वर ओढले, तर हा ताण वाढतोच. ‘आधी खाली दाबायचे,’ ते म्हणाले.

कामे वाटली गेली. चादरीची घडी ठेवून, कुलपाच्या बरोबर वर, दोन्ही तळव्यांनी मी झाकण दाबायचे. भाच्याने आत बसून तरफ ओढायची. यजमानांनी ऐकायचे आणि खूण करायची. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा ते म्हणाले, ‘थोडे डावीकडे दाब.’ तिसऱ्यांदा स्वच्छ, भरीव आवाज आला आणि झाकण बोटभर वर उठले. त्या पाऊण तासात त्यांच्या हाताकडे आम्हां कोणाचेच लक्ष नव्हते. सर्वांचे लक्ष त्यांच्या बोलण्याकडे होते.

आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला, तर काही गोष्टी अवश्य पाळाव्यात. वाकून, कंबरेतून झटका देऊन झाकण ओढू नये. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या मणक्याला पुढे वाकून जोर लावण्यानेही अस्थिभंग होऊ शकतो. जोर करताना श्वास रोखू नये. रक्तदाब एकाएकी चढतो. अडकलेली वस्तू न उघडण्यापेक्षा ती अकस्मात उघडण्याचा क्षण अधिक धोक्याचा, कारण ओढणारा माणूस मागे कोसळतो आणि हात टेकताना मनगट मोडते. जुन्या गाडीत डिकीचे शॉकर, म्हणजे झाकण वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे, कमकुवत झालेले असतात. झाकण डोक्यावर आदळू नये म्हणून ते कोणीतरी धरावे किंवा त्याला भक्कम काठीचा टेकू द्यावा. रोजची औषधे डिकीत ठेवूच नयेत. बंद गाडीतील उष्णतेने ती खराब होतात आणि इन्सुलिन तर विशेषच. वॉकर किंवा काठी शक्यतो आसनाजवळ ठेवावी, म्हणजे कुलूप बिघडले तरी चालण्याचा आधार हाताशी राहील.

नंतर कुलपातील मळ पुसून त्याला वंगण दिले, तार घट्ट करून घेतली आणि वॉकरची जागा बदलली. त्या संध्याकाळी यजमानांनी वहीत सर्व नोंदवले. अक्षर बारीकच होते. मजकूर मात्र पानभर होता. कितीतरी महिन्यांनी त्यांनी एवढे लिहिले होते.

वाचकहो, सेवा करताना आपण रुग्णाची कामे एकेक करून आपल्याकडे घेतो. त्यात प्रेम असते आणि पुष्कळदा त्यावाचून गत्यंतरही नसते. परंतु एखादे काम हातांनी जमेनासे झाले, म्हणजे ते काम त्या व्यक्तीचे उरले नाही, असे होत नाही. जिचे हात थरथरतात, त्या आजीला आमटीची चव पाहून मीठ सांगता येते. ज्यांना अक्षरे दिसत नाहीत, त्या आजोबांना बँकेच्या कागदातील कोणता रकाना तपासावा हे ठाऊक असते. त्यांना बाजूला बसवण्याऐवजी कामाजवळ खुर्ची द्यावी, त्यांची औषधाची वेळ सांभाळावी आणि त्यांनी सांगितलेले खरोखर करून पाहावे. यास अर्धा तास अधिक लागेल. तेवढा वेळ आपल्या दिवसात कोठून काढायचा, हे आज रात्रीच घरात बसून ठरवावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.