मायचं खुरपं आणि जपानी सुरी

माझं माहेर बोथ. आदिलाबाद जिल्ह्यातलं, पोचेरा धबधब्याच्या बाजूचं. सासर भालकीचं. त्यामुळे तणाला माहेरच्या शेतात खुरपायला येणाऱ्या तेलुगू बायका ‘कलुपु’ म्हणायच्या, सासूबाई ‘कळे’ म्हणतात आणि मी तण. नाव काहीही घ्या, वाकावं तर लागतंच.

गेल्या पावसाळ्यात भाच्यानं जपानहून एक सुरी आणली. तिचं नाव ‘होरी-होरी’. त्यांच्या भाषेत ‘होरु’ म्हणजे खणणे. वीतभर लांब, पन्हाळीसारखं जरा खोलगट पातं. एका कडेला धार, दुसऱ्या कडेला करवतीचे दात आणि वर मापाच्या खुणा. तिकडे डोंगरातल्या रानभाज्या मुळासकट काढायला ही वापरतात. मायच्या परसासाठी मी ती बोथला घेऊन गेले. तिनं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “हे खुरपं हाय का खंजीर?”

पण कामाला लावल्यावर ती गप्प झाली. खुरपं जमिनीलगत स्वतःकडे ओढायचं असतं. वरचं गवत निघतं, पण लव्हाळ्याच्या गाठी काळ्या मातीत खाली तशाच राहतात आणि आठ दिवसांत पुन्हा डोकं वर काढतात. ही सुरी उभी खुपसायची, हलकेच फिरवायची, की गाठ वर येते. हरळीच्या (आपल्या कन्नड घरांतली ‘गरिके’) मुळ्या दातांनी कापता येतात. मात्र दगड उकरायला हिची पहार करू नये, टोक वाकतं. आणि दुसरा हात पात्यासमोर ठेवू नये. हे मी अंगठ्याला चिंधी बांधून शिकले.

मग पाऊस आला, मी धावत घरात गेले आणि सुरी कढीलिंबाच्या आळ्यात तशीच उभी राहिली. दोन रात्री. काढली तेव्हा पातं तांबूस! जपानी पोलादाला गंज कसा, म्हणून मी कुरकुरले. माय म्हणाली, “लोखंड हाय ते. तू पुसलं व्हतं का?”

तिचं खुरपं चुलीजवळच्या खिळ्याला असतं. तीस वर्षांत पातं झिजून निम्मं झालंय, पण गंजाचा ठिपका नाही. शेतातून आलं की नारळाच्या शेंडीनं माती काढायची, धुऊन कोरडं करायचं, तेलाचं बोट फिरवायचं. जपानात पात्याला कॅमेलियाच्या बियांचं तेल लावतात, तिच्याकडे खोबरेल. लाकडी मुठीला ती जवसाचं तेल चोळते. सुरीचा गंज तिनं विटेच्या भुग्यानं घासून काढला. चामडी म्यानात ओलं पातं घालू नकोस, असंही बजावलं. धार लावायची ती फक्त सपाट कडेला, मूळचा उतार धरून. दातांना दगड लावायचा नाही.

लोहारमामांनी पात्यावर नख वाजवून पाहिलं. “पाणी चांगलं दिलंय,” म्हणाले. पूर्वी पोळ्याच्या आधी त्यांच्याकडे खुरपी शेवटायला रांग असायची. आता कपाशीत फवारा मारतात, रांग नाही. आपल्याच भागाच्या दक्षिणेला, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रमचं पोलाद तलवारींसाठी विकत घ्यायला एके काळी इराणी व्यापारी येऊन राहायचे. इंग्रजांनी त्या पोलादाला ‘वूट्झ’ म्हटलं. तो शब्द आपल्या ‘उक्कु’वरूनच आला असं मानतात. आणि मी पोलादाचं कौतुक करत होते ते जपानचं.

निघायच्या दिवशी सुरी पिशवीत भरत होते. माय परसात पाटावर बसली होती. दोन वर्षांपासून तिला उकिडवं बसता येत नाही. हे मला माहीत होतं, पण कधी बोललो नव्हतो. म्हणाली, “ते राहू दे इथं. पाटावर बसून बी चालवता येतं मले. खुरपं तू ने.”

मी नको म्हणाले. तिनं उठून, भिंतीला धरत, ते खिळ्यावरून काढलं, फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलं.

आता ते भालकीला स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. फोनवर मायचा पहिला प्रश्न असतो, “पुसतीस ना?” परवा सासूबाईंनी त्याच्या धारेवर अंगठा फिरवला, “हरित इल्ल,” म्हणाल्या आणि साणेकल्लु शोधायला मागच्या अंगणात गेल्या.