विक्री नव्हे, सेवा

शब्दाची किंमत करणे हा आपल्या पेशाचा भाग आहे, पण ती रुपये-पैशांत करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. माझ्यावर तो आठवड्यातून एकदा येतो. मी पेठेतल्या जुन्या इमारतीत राहतो. खाली गाडी लावायलाच जागा नाही, मग घरच्या मीटरवर ती चार्ज कुठून करणार? सार्वजनिक केंद्रावर जावे लागते. तिथल्या पावतीवर युनिटला 20 रुपये, आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे 3 रुपये 60 पैसे. बंगल्यात राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला तेच युनिट साधारण निम्म्या दरात पडते.

केंद्रचालकाला जागा, यंत्र आणि विजेचा स्थिर आकार यांचा खर्च भरून काढायचा असतो. त्या 20 रुपयांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मला खटकतात (आणि खरे सांगायचे तर मोहवतात) ते 3 रुपये 60 पैसे. ते एका शब्दाचे आहेत.

2003च्या विद्युत कायद्यानुसार वीज विकायची तर परवाना लागतो. प्रत्येक चार्जिंग केंद्राला तो घ्यावा लागला असता, तर केंद्रे उभीच राहिली नसती. म्हणून एप्रिल 2018मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला, की गाडी चार्ज करणे ही विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे. युक्तिवाद असा, की विजेचे बॅटरीत रासायनिक ऊर्जेत रूपांतर होते. सरकारी कागदात इतके सुंदर रूपांतर मी दुसरे वाचलेले नाही! हेतूही चांगलाच होता. पण विजेवर वस्तू व सेवा कर नाही, सेवेवर आहे. 2023मध्ये कर्नाटकातल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने चार्जिंगला सेवा मानून 18 टक्के कर लागू होतो असे सांगितले. खुद्द गाडीवरचा कर ऑगस्ट 2019पासून 5 टक्के आहे.

सहकाऱ्याच्या पोर्चमध्येही वीज रासायनिकच होते. तिथे मात्र कायद्याच्या लेखी ती वीजच राहते.

आपल्याकडे सेवा म्हटले की पाय चेपणे आठवते, देवाची पूजा आठवते. तिचे मोल घेणे एकेकाळी अभद्र वाटे. 'सेवाशुल्क' हा समास विरोधाभासाचे उदाहरण म्हणून वर्गात खुशाल सांगावा. असो. व्युत्पत्तीने पावती कमी होत नाही.

माझे एक वेळ भागते. केंद्रावर माझ्या पुढे-मागे रांगेत असतात ते भाड्याने गाडी चालवणारे. दोन खोल्यांत राहणारे, पार्किंग नसलेले, आणि रोज चार्ज करणारे. युनिटला साडेसहा किलोमीटर धरले, तर दिवसाच्या दीडशे किलोमीटरांना तेवीस युनिटे लागतात. त्यांतले 82-83 रुपये रोज या एका शब्दाचे. 'सेवा' आणि 'विक्री' यांत फरक काय, हे त्यांच्यातल्या एकाने मला विचारले तेव्हा मी कायदा सांगितला. तो म्हणाला, "सर, मग आम्ही काय करतो, सेवा का विक्री?"