बातमी हरवली, खेळ टिकला

मागच्या महिन्यात एक आबा माझ्या टेबलाशी येऊन बसले. हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा, पासबुक आणि कसल्या कसल्या अर्जांच्या पोचपावत्या. म्हणाले, "साहेब, चौदा सालच्या गारपिटीत आमच्या गावची नावं यादीतून गळाली होती. तुम्हीच टाकलं होतं. तेवढी बातमी काढून द्या."

बातमी मला लख्ख आठवत होती. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली ती गारपीट आपल्यापैकी कोण विसरेल? मी त्या गावात दोन दिवस फिरलो होतो, घरोघरी जाऊन नावं लिहून घेतली होती. छापील अंकात जागा नव्हती म्हणून तिथे चार ओळी आल्या आणि पूर्ण यादी आमच्या पोर्टलवर गेली. तेव्हा वाटलं होतं, कागदाची रद्दी होते, पोर्टलवर टाकलं ते कायमचं.

पोर्टल चार वर्षांत बंद पडलं. डोमेनचे पैसे कुणी भरले नाहीत. ऑफिसचा कॉम्प्युटर भंगारात गेला, त्यातली हार्ड डिस्कही गेली. माझ्या हातची चार वर्षांची पत्रकारिता आज कुठेही नाही. आबांना चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. जाताना ते काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

त्याच आठवड्यात भाचा पुण्याहून आला. इंजिनियरिंगला आहे. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून बसला. बघतो तर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. चित्र नाही, आवाज नाही. ई-मेलच्या पत्त्यात येतं ते 'ॲट'चं चिन्ह म्हणजे आपण, इंग्रजी 'डी' म्हणजे आपला कुत्रा, आणि भुयारात उतरत जायचं. म्हटलं, अरे हे काय? म्हणाला, "मामा, नेटहॅक. हा खेळ माझ्यापेक्षा वयाने कितीतरी मोठा आहे. याच्या १९८४ पासूनच्या पूर्वजांचा कोड आजही मिळतो."

१९८४! माझी २०१४ ची बातमी मिळत नाही, आणि पोरांनी वेळ घालवायला केलेल्या खेळाचा चाळीस वर्षांपूर्वीचा कोड मिळतो? हे कसं काय, म्हणून पुढच्या चार-पाच रात्री वाचत बसलो. जे कळलं ते इथे मांडतोय. जरा लांब आहे, पण शेवटी आपल्या गावाशीच येऊन पोचणार आहे.

आधी सोर्स कोड म्हणजे काय ते सांगतो. बाजारातून लोणच्याची बरणी आणली तर लोणचं संपेपर्यंतच आपलं. कृती लिहून घेतली तर दरवर्षी घालता येतं, तिखट कमी-जास्त करता येतं, लेकीला देता येतं. तयार खेळ म्हणजे बरणी. सोर्स कोड म्हणजे कृती.

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांत मायकेल टॉय, ग्लेन विचमन आणि केन अर्नोल्ड यांनी भुयाराचा एक खेळ केला. नाव 'रोग'. घाबरू नका, इंग्रजीत त्याचा अर्थ बदमाश. खेळ विद्यापीठांत तुफान चालला, पण त्याची बरणीच मिळायची, कृती नाही. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन-सडबरी शाळेतल्या जे फेनलसन या मुलाने, मित्रांना हाताशी धरून, तसाच खेळ स्वतः लिहिला. तो 'हॅक'. साल १९८२. हा कोड फिरत फिरत ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेतल्या आंद्रिस ब्राउवर यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी तो जवळपास नव्याने लिहिला आणि १९८४ च्या डिसेंबरमध्ये यूजनेटवर सगळ्यांसाठी टाकला.

यूजनेट म्हणजे आजच्या ग्रुपांचा आजोबा. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये ही कल्पना सुचली. मधोमध बसलेला कुणी मालक नाही. एका विद्यापीठाचा कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन लावायचा, बहुतेक रात्री, कारण रात्री कॉलचा दर कमी. आपल्याकडचे नवे संदेश द्यायचे, त्याच्याकडचे घ्यायचे. तो पुढच्याला देणार. विषयवार ग्रुप होते, त्यांना न्यूजग्रुप म्हणत. प्रत्येक संदेशाची प्रत प्रत्येक ठिकाणी. मात्र डिस्क छोट्या, त्यामुळे थोड्या दिवसांनी जुने संदेश पुसले जायचे. म्हणजे कुणी मुद्दाम जपून ठेवलं नाही तर गेलं.

आता अडचण बघा. खुल्या ग्रुपवर कुणीही काहीही टाकणार. कुणी खेळाचा कोड टाकला की खाली शंभर संदेश. "तिसरा भाग आला नाही, परत पाठवा." "माझ्याकडे चालत नाही." "मस्त!" या गर्दीत कोड कुठला आणि बडबड कुठली, हेच कळेना. आपल्या ग्रुपात मयताच्या निरोपाखाली वाढदिवसाचे केक येतात, तसंच.

म्हणून मॉडरेटर असलेले ग्रुप आले. १९८६-८७ मध्ये यूजनेटच्या सगळ्या ग्रुपांची नावं नव्याने लावली गेली, तेव्हापासून खेळांच्या कोडसाठीचा असा ग्रुप म्हणजे 'कॉम्प डॉट सोर्सेस डॉट गेम्स'. त्याचं काम ओरेगनमधल्या टेकट्रॉनिक्स कंपनीतले बिल रँडल बघायचे. या ग्रुपवर तुम्ही काही पाठवलं की ते थेट दिसायचं नाही, आधी ई-मेलने मॉडरेटरकडे जायचं. तो बघणार, नीट बांधणार, वर 'अप्रूव्ह्ड'ची एक ओळ लावणार आणि मग जगाला सोडणार.

ही ओळ तांत्रिकदृष्ट्या कुणीही खोटी लिहू शकला असता. लिहायची नाही हे ठरलेलं होतं, आणि मोठ्या प्रमाणावर पाळलं जायचं.

मॉडरेटर म्हटल्यावर आपल्याला वाटतं, हा नको असलेल्यांना गप्प करणारा माणूस. आपल्याकडचे ॲडमिन तेच करतात. जरा वाद झाला की 'ओन्ली ॲडमिन कॅन सेंड'. पण त्या माणसाचं खरं काम वेगळंच होतं, कारकुनी होतं. मला तर ते वाचताना आमच्या साप्ताहिकाचे जुने संपादक आठवले, डोळ्यांवर चष्मा, हातात लाल पेन.

पहिलं काम, आकडा घालणं. प्रत्येक संदेशाला खंड क्रमांक आणि अंक क्रमांक. आपल्या साप्ताहिकाच्या डोक्यावर 'वर्ष १२, अंक ३१' असतं ना, अगदी तसं. त्याखाली ती वस्तू संग्रहात कोणत्या नावाने ठेवायची ते नाव. ही एक ओळ असल्यामुळे जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातला संग्रह एकाच रचनेत लागायचा. कुणाकडे कोणता अंक नाही, हे लगेच कळायचं.

दुसरं, तुकडे करणं. त्या काळच्या बऱ्याच यंत्रणा चौसष्ट किलोबाइटच्या वरचा संदेश मध्येच कापून टाकत. आज आपण 'शुभ सकाळ'चा फोटो पाठवतो तो याहून मोठा असतो. त्यामुळे नेटहॅकसारखा खेळ डझनावारी भागांत जायचा. प्रत्येक भागावर 'इतक्यांपैकी इतकावा'. बांधायची पद्धतही हुशारीची होती. साधा मजकूर, पण त्यातच स्वतःला उलगडायच्या सूचना. उलगडल्यावर तो अक्षरं मोजायचा. वाटेत एक अक्षर गळालं असेल तर सांगायचा, माप जुळत नाही. अजून कोणते भाग यायचे आहेत तेही सांगायचा.

तिसरं, चर्चा वेगळी. चुका आणि तक्रारींसाठी शेजारीच दुसरा ग्रुप होता. कुणाचं तोंड बांधलं नव्हतं, फक्त बोलायची खोली वेगळी आणि कपाटाची खोली वेगळी.

चौथं, दुरुस्ती. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' नावाचा छोटा प्रोग्राम केला आणि तोही अशाच मॉडरेटेड ग्रुपवर वाटला. त्यामुळे एक चूक सुधारली म्हणून अख्खा खेळ पुन्हा पाठवायची गरज उरली नाही. 'अमुक ओळ काढा, तमुक घाला' एवढंच पाठवायचं. त्या पॅचलाही क्रमांक. म्हणजे काय बदललं, कधी बदललं, याचा माग राहिला. आम्ही पोर्टलवर बातमी गुपचूप बदलायचो आणि आधी काय होतं ते नंतर कुणालाच कळायचं नाही. आता लाज वाटते.

अशा व्यवस्थेतून १९८७ मध्ये माइक स्टीफनसन यांनी हॅकच्या वेगवेगळ्या आवृत्त्या एकत्र करून नेटहॅक सोडला. नावातला 'नेट' तिथलाच, कारण खेळ घडला तो नेटवर, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांकडून. त्यातले एक पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे इझाक मिलर. ते १९९४ मध्ये गेले. आजही त्या भुयारातल्या एका गावात दिव्यांचं दुकान लागतं, दुकानदाराचं नाव इझाक. भाच्याने मला ते दुकान दाखवलं. तो तिथे मेणबत्ती घ्यायला गेला होता. आणि हा खेळ नुसता आठवणीत नाही. २०२० मध्ये फेसबुकच्याच संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची परीक्षा घ्यायला हाच अक्षरांचा खेळ निवडला. पुढच्या वर्षी त्यावर मोठी स्पर्धा झाली, तेव्हा एकाही प्रोग्रामला तो पूर्ण करता आला नाही.

हे सगळं ऐकायला गोड आहे. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. मॉडरेटरला या कामाचे पैसे नव्हते. नोकरी सांभाळून, रात्री. तो आजारी पडला, कंटाळला, तर ग्रुप ठप्प. पुढे एफटीपी आणि वेब आलं, कोण कशाला थांबेल? ग्रुप ओस पडले. आणि मॉडरेटर नसलेल्या भागाचं काय झालं असतं, तर बहुतेक काहीच उरलं नसतं. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाचे सिस्टिमवाले होते. त्यांनी १९८१ ते १९९१ यूजनेटचे संदेश मॅग्नेटिक टेपवर उतरवून ठेवले. १४१ टेप, सुमारे वीस लाख संदेश. पुढे दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसांनी त्या टेप डिस्कवर उतरवल्या आणि २००१ मध्ये गूगलने तो संग्रह लोकांसाठी खुला केला. त्याच गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे नवे संदेश घेणं बंद केलं. कंपनी आज ठेवते, उद्या तिची मर्जी.

आणखी एक उदाहरण. 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' हा भुयाराच्या खेळांचा मूळपुरुष. विल क्राउदर यांनी १९७५-७६ च्या सुमारास लिहिलेला मूळ कोड हरवला असंच सगळे धरून चालले होते. डॉन वूड्स यांनी तो पुढे वाढवला होता. त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थी खात्याच्या जुन्या बॅकअपमध्ये तो २००५ मध्ये सापडला. जवळपास तीस वर्षांनी! तो निव्वळ नशिबाने वाचला. नेटहॅक नशिबावर सोडलेला नव्हता. त्याच्यावर क्रमांक होता आणि शेकडो ठिकाणी प्रती होत्या.

एवढीच गोष्ट. टिकायला पैसा लागला नाही, सरकारी योजना लागली नाही, सर्व्हरची मोठी खोली लागली नाही. लागला तो एक माणूस, जो आलेली वस्तू उघडून बघतो, आकडा घालतो, नाव लावतो आणि अनेकांना प्रत देतो.

आता आपल्याकडे या. आपल्या गावाचं काय काय रोज वाहून जातंय? ग्रामसभेचे ठराव फोटो काढून ग्रुपवर पडतात, दोन दिवसांत वर सरकतात, फोन भरला की डिलीट. पाण्याच्या टाकीचं अंदाजपत्रक, पीक विम्याच्या याद्या, नगरपरिषदेच्या नोटिसा, सगळं आपल्या हातातून जातं आणि कुणाकडेच राहत नाही. पाच वर्षांनी कुणी विचारलं तर 'बघावं लागेल'. आबांनी मला तेच विचारलं आणि मीही तेच म्हणालो.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. या पानावरच्या प्रत्येक बातमीला यापुढे क्रमांक असेल. बदल केला तर खाली काय बदललं ते लिहीन. दर महिन्याला साध्या मजकुराच्या तीन प्रती. एक माझ्याकडे, एक गावच्या वाचनालयाच्या कपाटात पेन ड्राइव्हवर आणि कागदावर, एक तुमच्यापैकी जो मागेल त्याला. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंशी बोललोय, त्या हो म्हणाल्यात. ठराव आणि याद्या तपासून, नाव लावून ठेवायला आणखी दोन माणसं हवी आहेत. पैसे मिळणार नाहीत. आठवड्यातले दोन तास जातील. कुणाला जमत असेल तर कमेंटमध्ये लिहा.

आणि एक विनंती. २०१४ च्या मार्चमधली आमची ती यादी कुणी प्रिंट काढून ठेवली असेल, मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट असेल, कुणाच्या वडिलांच्या फायलीत कागद असेल, तर बघा. आबा पुढच्या सोमवारी परत येणार आहेत.