लिस्बन येथील हॉटेलाच्या दारीं

गोव्यावर 1510 पासून 1961 पर्यंत सत्ता चालविणाऱ्यांच्या राजधानींत त्यांचीच भाषा बोलावी, याचा आम्हांस प्रथम संकोच वाटला. परंतु हॉटेलांत 'तेन्यु उमा रझेर्व्हा', म्हणजे 'माझी खोली राखून ठेविली आहे', इतकें म्हणून 'शाव्ह' मागितली, आणि हातीं आली ती आपली चावीच! न्याहारीस तेथें 'पेकेनु आल्मोसु', अर्थात् 'लहान जेवण', म्हणतात. त्यांतला 'पांव' ओळखावयास कोश नको. आभार मानतांना मात्र पुरुषानें 'ओब्रिगादु' व स्त्रीनें 'ओब्रिगादा' म्हणावयाचें. 'येतों' आणि 'येतें' हा भेद जन्मभर पाळणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींना तें शिकवावें लागलें नाहीं. उत्तम इंग्रजी जाणणारा कारकून त्यांच्याशीं मुक्काम हलेपर्यंत पोर्तुगीजच बोलला.